खंडेनवमीची परात

ती. बारकूमामा,

प्रगतीचा वाकून नमस्कार. मामीचा गुडघा आणि तुझा खोकला आता बरा असावा. (सई, कंसातलंही मामाला वाचून दाखव. मागच्या वेळी तू कंस गाळलेस आणि सगळा घोळ झाला.)

आधी चूक दुरुस्त करते. मागच्या पत्रात मी "मशीनने नारळ गिळला" असं लिहिलं. गिळला नाही, पुढे नेला. (हे तेव्हाही कंसात लिहिलं होतं.) आमच्या अंबरनाथच्या साबण कारखान्यात भुकटी नळीतल्या फिरत्या स्क्रूने वर चढते, वड्या रबरी पट्ट्यावरून जातात आणि भरलेली खोकी लोखंडी रोलरांच्या उतारावरून ट्रककडे घरंगळतात. स्क्रूला आणि पट्ट्याला मोटर आहे, रोलरांना नाही. खंडेनवमीच्या पूजेआधी मी दोन्ही मोटरी बंद करून कुलपं लावली, किल्ल्या गळ्यात घातल्या, परत जाऊन कुलपं ओढून पाहिली (आणि परत एकदा, पण ते असो). मग मोटर नाही म्हणजे सगळ्यांत बिनधोक, असं समजून पूजेची परात रोलरांवर ठेवली.

मामा, निघाली ना ती! निरांजनासकट. मॅनेजर शंकरराव हात जोडून, डोळे मिटून उभे होते. डोळे उघडले तर समोर नुसते रोलर फिरतायत.

"मॅडम, पूजा कुठंय?"

"डिस्पॅचला, सर."

खाली ट्रकवाल्या चंदूला वाटलं, यंदा कंपनीने त्याच्या गाडीची आठवण ठेवली. मी धावत पोचेपर्यंत त्याने नारळ फोडून बॉनेटला कुंकू लावलं होतं. वर मलाच खोबरं दिलं. "घ्या ताई, लाजू नका."

मला वाटलं, नोकरी गेली. पण शंकरराव चार दिवस धुमसले आणि मग म्हणाले, "पूजेलासुद्धा कुलूप लावणारं माणूस मला दुसरं मिळायचं नाही. अख्खी लाइन तुम्हीच सांभाळा." आणि नेमका तेव्हाच, तुझ्याकडून "गिळला" ऐकून, आईचा फोन. आज नारळ गिळला, उद्या हात गिळेल. नोकरी सोड, तुला माझी शपथ. समजवायला गेलं की ती रडते, म्हणून हे पत्र.

तुझी,
प्रगती
उल्हासनगर, कॅम्प ४

ता. क. पत्र चंदूच आणून देईल, त्याची गाडी तुमच्या गावावरूनच जाते. त्याच्याकडे नारळाचा विषय काढू नकोस. त्याला अजून खरं माहीत नाही. आईने मशीनला बांधायला पाठवलेली लिंबू-मिरची मी डब्याच्या पिशवीला बांधलीय. मशीनला काही बांधायची परवानगी नाही.

आणखी एक. खरं काम हेच. आई फक्त तुझं ऐकते. भात झोडताना तिला सांग, रोलरांना दात नसतात, आणि शपथ मागे घ्यायला लाव. ती मोडायची माझी इच्छा नाही. पण तिने नाही घेतली तरी (सई, हे मोठ्याने वाच) मी सोमवारी, तेरा ऑक्टोबरला, शंकररावांना हो म्हणणार आहे.