पाठ झालेला तक्ता

तीर्थरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (डॉक्टरांनी महिनाभर खाली वाकायची सक्त मनाई केली आहे, त्यामुळे हा साष्टांग नमस्कार ताठ उभ्याने घातला आहे. पोचला असं समजावं.) तुझे गुडघे काय म्हणतात? आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे सौ. खुशाल, कन्या खुशाल, आणि माझा उजवा डोळा तर इतका खुशाल की त्याच्यापुढे बाकीचा मी फारच जुना वाटायला लागलो आहे. परवा फोनवर तू विचारलंस तेव्हा ‘किरकोळ होतं’ म्हणून मी वेळ मारून नेली. ते किरकोळ नव्हतं. आता सगळं मुळापासून सांगतो, तू चहा ठेवून ये.

बाबांच्या मागे या चष्म्याच्या दुकानात अडतीस वर्षं मी लोकांचे डोळे तपासतो आहे. गिऱ्हाईक खुर्चीत, समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता, आणि मधे हातात छडी घेऊन मी. वर्षातून एकदा मी स्वतःही त्या खुर्चीत बसतो, एकेक डोळा झाकतो आणि तक्ता वरपासून खालपर्यंत वाचतो. कन्या (ती मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवते, शिकली आहे माझ्याहून जास्त, बोलते माझ्याहून पुष्कळ कमी) निकाल लिहून घेते. इतक्या वर्षांत माझं एक अक्षर चुकलेलं नाही, आणि हे मी चारचौघांत सांगितल्याशिवाय राहिलेलो नाही. यंदाही धडाधड वाचला. कन्या म्हणाली, ‘बाबा, परत एकदा.’ मला वाटलं, पोरीला कौतुक वाटतंय. मी परत वाचला, या खेपेस थोडा चालीवर. मग तिनं माझा हात धरला आणि मला भिंतीपाशी नेलं, नाक तक्त्याला टेकेल इतकं जवळ. ताई, तक्ता नवा होता! जुना विटला म्हणून तिनं आदल्या संध्याकाळी बदलला होता, आणि मी म्हटलेल्यातलं एकही अक्षर त्यावर नव्हतं. मी डोळे तपासतच नव्हतो, पाठांतर म्हणून दाखवत होतो.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, उजवा अगदी पिकलेला. खरं सांगू का, मला आतून ठाऊक होतं. दोन वर्षं मी दिव्यांना दोष दिला, हल्लीच्या छपाईला दिला, पुढे हवेलाही दिला. (दिवे बनवणाऱ्या कंपनीला दोन खरमरीत पत्रंही धाडली. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, बिचाऱ्यांनी.) ज्या माणसानं हजारांना ‘अहो, घाबरताय काय, डुलकी लागायच्या आत होतं’ असं सांगून ऑपरेशनला पाठवलं, तो स्वतःच्या पाळीला दवाखान्याच्या संडासात कडी लावून बसला. अर्धा तास. डॉक्टरांनी समजावलं, सौ.नं दटावलं, मी ढिम्म. शेवटी साफसफाईच्या बाई दारावर टकटक करून म्हणाल्या, ‘काका, घाबरा हो खुशाल, पण बाहेर येऊन घाबरा, मला अजून दोन मजले पुसायचेत.’ कडी काढून मी बाहेर आलो.

आणि दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. पहिली दिसली ती नर्सबाईंच्या कोपरापर्यंतची बाही. पांढरी! मला पांढरा म्हणजे काय ते आठवतच नव्हतं. गेली कित्येक वर्षं मी ज्याला पांढरा म्हणत होतो तो जुन्या पोस्टकार्डाचा रंग होता. खिडकीतलं झाड म्हणजे माझ्या लेखी एक हिरवा ढीग होता. त्याला पानं होती, सुटी सुटी, आणि प्रत्येक पान वेगळं हलत होतं. टेबलावरच्या पेल्यातल्या पाण्याला कड होती आणि त्या कडेवर उजेड थरथरत होता. मी त्या पेल्याकडे इतका वेळ बघत राहिलो की नर्सबाईंनी विचारलं, पाण्यात काही पडलंय का. घरी येऊन मी आळीपाळीनं एकेक डोळा मिटून भिंत, कपडे, आकाश असं सगळं पारखत सुटलो, डाव्या डोळ्याला पिवळं, उजव्याला पांढरं. (सौ.चा समज झाला की मी तिला डोळा मारतो आहे. तिनं दार लोटून घेतलं.) मग मी तिचा चेहरा पाहिला. त्यावर इतक्या सुरकुत्या कधी पडल्या? त्या पडत होत्या तेव्हा मी समोरच बसून जेवत होतो. मी म्हटलं, किती छान दिसतेस. ती म्हणाली, गोळ्या वेळेवर घ्या.

चौथ्या दिवशी मी दुकानात गेलो आणि हौसेनं, आता सगळं दिसतंय म्हणून, वाचायचा चष्मा लावून जुने खण उपसायला घेतले. आमची पद्धत तुला माहीत आहे: मी डोळे तपासायचे, नंबर चिठ्ठीवर लिहून मागच्या खोलीत द्यायचा, कन्येनं त्याप्रमाणे काच बसवायची. खणात गेल्या दोन वर्षांच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे होते. माझा शाईतला ठसठशीत नंबर, आणि त्याखाली बारीक पेन्सिलीत दुसरा. एका चिठ्ठीवर नाही, जवळजवळ सगळ्यांवर! चष्मा न्यायला माणूस आला की ‘जरा फ्रेम बसते का बघू’ म्हणून ती त्याला मागे न्यायची, तिथे गुपचूप परत तपासायची आणि योग्य ती काच घालून द्यायची. गिऱ्हाइकं मला येऊन सांगायची, काका, तुमचा हात म्हणजे हात! मी मान डोलवायचो. दोन वर्षांत तिच्या तोंडून एक शब्द नाही, चेहऱ्यावर एक आठी नाही. मी तिथेच स्टुलावर बसलो. आपल्या पोटचं पोर इतकं मोठं असतं आणि आपल्याला ते बाजूच्या खोलीत दिसत नाही, याला मी काय म्हणू? मला रडू आलं, आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं रडावं की नाही हे विचारायचं राहून गेलं होतं.

त्याच संध्याकाळी सौ.कडून कळलं की दूरच्या शहरातल्या डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यानं कन्येला दोनदा बोलावलं होतं. जन्मतःच नजर अधू असलेल्या मुलांसाठी काचा करण्याचं काम, तिच्या जिवाचं. दोन्ही वेळा तिनं ‘घरी अडचण आहे’ असं कळवलं. मी समजत होतो, तिला हे दुकान सोडून कुठं जायचंच नाही. ती अडचण म्हणजे मी. आता तिसऱ्यांदा बोलावलं आहे, आणि माझा डोळा बरा झाला म्हणून ती हो म्हणायच्या बेतात आहे.

यापुढचं लिहायला लाज वाटते, पण तुझ्यापासून काय लपवायचं. दुसऱ्या दिवशी तिनं मला खुर्चीत बसवून उजवा डोळा तपासला. मला शेवटची ओळ दिसत होती. त्याखाली छापखान्याचं नाव असतं, तेही दिसत होतं (ते तिथं असतं हे मला अडतीस वर्षांत ठाऊक नव्हतं). आणि मी चौथ्या ओळीवर थांबलो. म्हटलं, पुढचं अंधुक आहे गं. तिनं ते लिहून घेतलं आणि कामाला लागली. तासाभरानं तिच्या हातून चष्म्याचा स्क्रू निसटला, तिळाएवढा. ती गुडघ्यांवर बसून शोधत होती, आणि मी, महामूर्ख, पलीकडून सवयीनं म्हणालो, ‘तो काय, स्टुलाच्या मागच्या पायापाशी.’ तिनं स्क्रू उचलला. माझ्याकडे बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, ‘बाबा, जाऊ नको म्हणायचं असेल तर तसं म्हणा. मी राहीन. पण डोळ्यांचं खोटं नका सांगू.’ याला आज तीन दिवस झाले. आम्ही दोघं फक्त फ्रेमींविषयी बोलतो.

तीन दिवस मी एकच विचार करतो आहे. तू बावीस वर्षांची असताना शिकायला निघालीस, बाबा दुकानात भिंतीकडे तोंड करून बसून राहिले, आणि मी तुझी ट्रंक बसपर्यंत वाहून नेली पण तुझ्याशी बोललो नाही. त्यानंतर आयुष्यभर मी सगळ्यांना सांगत आलो की ताई गेली म्हणून दुकान माझ्या गळ्यात पडलं. ते खोटं आहे. नकाशे काढणाऱ्या कचेरीतून मलाही नेमणुकीचं पत्र आलं होतं. मी ते बाबांना दाखवलंच नाही. ते नको म्हणतील ही भीती नव्हती गं, ‘जा’ म्हणतील ही भीती होती. माझं आयुष्य वाईट गेलं असं नाही, पण ते मी निवडलं नाही, त्यात दडून बसलो. आणि तू, खिशात काही नसताना, त्या बसमध्ये चढलीस आणि खिडकीतून हात हलवलास. एवढं धैर्य कुठून आणलंस? मला आज, या वयात, त्याचा थांग लागत नाही.

असो. प्रकृतीची काळजी नसावी, मी आता कशालाच भीत नाही. घरातल्या मोठ्यांना नमस्कार सांग. (तुझ्याहून मोठं आता कुणी उरलं नाही, तेव्हा तो तूच ठेवून घे.)

तुझा धाकटा भाऊ

ता. क. कशालाच भीत नाही हे डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनला लागू नाही. ते पुढच्या महिन्यात आहे. जमलं तर ये. संडासाच्या बाहेर एखादं घरचं माणूस असलेलं बरं.

आणखी एक ता. क. एवढं लांबण लावलं ते खरं म्हणजे याच्यासाठी. कन्येला रविवारी सकाळपर्यंत उत्तर कळवायचं आहे आणि मला ‘जा’ म्हणता येत नाही; तोंड उघडतो आणि फ्रेमींचं बोलतो. तू निघालीस त्या दिवशी बाबांनी बाहेर येऊन काय म्हटलं असतं म्हणजे तुला बरं वाटलं असतं, ते लगेच कळव. मी तिला तेच म्हणेन. फार लांब नको, दारात उभं राहून म्हणता येईल एवढंच लिही.