तेलातलं शेवाळ

प्रिय सृष्टी,

येळवशीच्या पूजेला शेतात मी तुझ्या अप्पांसाठी आंबिलीचा पेला भरून कडब्याच्या कोपीपाशी ठेवला आणि म्हटलं, यंदा जरा आंबटच झालीय, घ्या. तू ते ऐकलंस. तुला वाटलं, अप्पांना जाऊन चार वर्षं झाली, आणि आई अजून त्यांच्याशी बोलते. तेव्हापासून आसामची तेल कंपनीतली नोकरी सोडून लातूरला यायचं तू मनात घेतलंयस. फोनवर रोज विचारतेस, आई, अजून तसंच का? मी हाव म्हणते.

मासिकात आलेला तुझा लेख मी परत परत वाचते आहे. शेजारच्या सालेहाआपा चिडवतात, काय गं, अंगणात बोअर मारून तेल काढतेस की काय आता? खनिज तेल म्हणजे कधीकाळचं शेवाळ, असं तू लिहिलंस. गाळात दबलं, खोल गेलं, तापलं. तरी त्यातले काही रेणू आपण कुणाचे होतो ते विसरत नाहीत. जिवंतपणी ते सगळे एकाच बाजूला वळलेले. उष्णतेनं काही दुसरीकडे वळतात, आणि किती वळले त्यावरून तुम्ही सांगता, तेल किती पिकलं. दुपारी लेख छातीवर ठेवून डोळा लागला की मला ते हिरवं पाणी दिसतं. अप्पा धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उभे असतात. पाणी हळूहळू काळं, जड, कोमट होत जातं. भीती वाटत नाही.

एका ओळीपाशी मात्र मी थांबले. निम्म्याहून थोडे जास्त वळले की ती वाटणी तिथंच ठरते. मग कितीही तापवा, आकडा तोच. पुढचा ताप ओळखायला दुसरी खूण शोधावी लागते. पोरी, माझं तसंच आहे. अप्पांशी बोलणं आता कमी होणार नाही, वाढणारही नाही. तू रोज तेवढंच मोजतेस आणि घाबरतेस. दुसरं काही बघ. मी पोटभर जेवते. करडीच्या तेलाच्या भावावरून दुकानदाराशी भांडते. परवा हसून हसून ठसका लागला.

लिहायचं कारण असं, की तुझी खोली मी दिली. लोह्याची पुनम आणि तिची बहीण क्लाससाठी आल्यात. तुझ्या पलंगावर पुनम झोपते. दोघींचा डबा माझ्याकडेच. अप्पांना विचारलं होतं, ते नेहमीसारखे काही बोलले नाहीत. तेव्हा राजीनामा देऊ नकोस. दिवाळीला ये, पाहुणी म्हणून ये. माझ्याशेजारी अंथरूण घालीन.

तुझीच,
आई