पितळी नळीची बंदूक

अण्णा, तुमच्या बंदुका काल कोपरच्या घरातून गेल्या. आईला मी बाळकुमला माझ्याकडे राहायला आणतेय, आणि आमच्या टॉवरमधल्या दोन खोल्यांत तुमची जळत्या वातीनं उडणारी तोड्याची बंदूक, काठीत लपवलेली बंदूक, सगळा तो लवाजमा ठेवायचा कुठे? ठाण्याचे एक संग्राहक रीतसर परवानगी काढून घेऊन गेले. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, तरी ते कपाट उघडताना मला चपला काढाव्याशा वाटल्या. घरातलं झुरळसुद्धा न मारणारे तुम्ही, पण बंदूक हातात घेतलीत की तुमचा आवाज देवघरातला व्हायचा. "घडवणाऱ्यानं कानस चालवताना श्वास रोखला असेल बघ," म्हणायचात, आणि मीही रोखायचे.

सगळ्यांत दुर्मीळ होती ती पितळी नळीची, कर्ण्यासारख्या तोंडाची, चकमकीच्या ठिणगीवर उडणारी. नळीवर काळपट तपकिरी रंग चढलेला आणि त्याखाली बारीक वेलबुट्टी. तुमचा एकच दंडक होता: धूळ पुसायची, पण तो रंग घालवायचा नाही. जुन्या हत्याराचं वय त्या रंगातच असतं, घासलं की संपलं. आणि मग ती खंडेनवमी. तुम्ही झेंडू आणायला बाजारात गेला होतात. शस्त्रांची पूजा म्हणजे पितळ लखलखीतच हवं, या हिशेबानं आईनं समई-निरांजनाबरोबर ती नळीही चिंच-मीठ लावून घासून काढली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे, तुम्ही पिशवी घेऊन आत येता. ओट्यावर नळी सोन्यासारखी चमकतेय. आई पदराला हात पुसत विचारते, "कशी झालीय?" तुम्ही पिशवी खाली ठेवून नळी उजेडात धरता. मग म्हणता, "अगं, ही एवढी देखणी आहे हे मलाच माहीत नव्हतं." त्यानंतर दरवर्षी तुम्ही स्वतः ती आईच्या पुढ्यात ठेवत गेलात, "तुझ्या हाताशिवाय ही उजळत नाही" म्हणत. वेलबुट्टी पुसट होत गेली. मला तेव्हा तुमचा राग यायचा. एवढं जपलेलं कोणी असं आपल्याच हातानं घालवतं का?

काल त्या संग्राहकांनी नळीवरून बोट फिरवलं आणि तोंड वाकडं केलं. "अरेरे, ही कोणी घासली?"

"मीच की," आई ताठ होत म्हणाली. "दर खंडेनवमीला. ह्यांना दुसऱ्या कोणाचा हात चालायचाच नाही."

तुम्ही जन्मभर सांभाळलेलं गुपित एका वाक्यात फुटणार होतं. मी आईच्या मागून त्यांना हात जोडले. भला माणूस, त्यांनी ओळखलं. "म्हणूनच एवढी टिकली, काकू. ही मात्र तुमच्याकडेच राहू दे," म्हणाले आणि बाकीच्या घेऊन गेले.

मी चहा टाकला. आई म्हणाली, "हात काय जोडत होतीस गं? कपाटाच्या आरशात दिसत होतं मला सगळं." मी आलं किसायला घेतलं. तीच पुढे बोलली, "मला पहिल्याच वर्षी कळलेलं. ह्यांचं तोंड एवढंसं झालेलं. पुढच्या वर्षी मी हातच लावणार नव्हते, तर स्वतःच आणून पुढ्यात ठेवली. नको म्हटलं असतं तर त्यांना कळलं असतं ना, की मला कळलंय. म्हटलं, घासावी गुपचूप."

चहा उतू गेला तरी मी तिच्याकडे बघतच होते. इतकी वर्षं तुम्ही दोघांनी एकमेकांना जपत जपत ती बंदूक झिजवलीत, अण्णा. तुमच्या कपाटात काय काय नवलाची हत्यारं होती, पण असं काही मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही.

लिहून झालं. पण कबूल करते, तुमचा पत्ता माझ्याकडे असता तरी हे मी पाठवलं नसतं. तिला काही कळलं नाही या समाधानात तुम्ही गेलात. ते तुमच्याकडेच असू दे.