घरात असता तसे या

मंगळवार, १७ जून
दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? मी बरी आहे, म्हणजे अंगाने बरी आहे. परवाच तासभर फोनवर बोललो आणि आज मी कागद घेऊन बसले, तेव्हा तुला वाटेल हिचं डोकं फिरलंय. थोडं फिरलंच आहे. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. वाक्य मी सुरू करते आणि संपवतेस तू. आज मला माझी वाक्यं मीच संपवायची आहेत.

एवढंच कर, मधे थांबून कुणाला फोन लावू नकोस. मलाही नको. शेवटपर्यंत वाच.

आधी शुक्रवारच्या मुलाखतीचं सांगते. रविवारी तू विचारलंस, "कशी झाली?" आणि मी "बरी झाली" म्हणून घाईघाईने तुझ्या गुडघ्यावर आले. खरं तर तिथे माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. आवाजावरून तू ओळखशील म्हणून मी विषय बदलला.

त्या कंपनीने कळवलं होतं ना, 'कपड्यांचा थाट नको, घरात असता तसे या.' गुरुवारी संध्याकाळी आपण त्यावर किती हसलो. मी घरात असते तशी गेले असते तर रखवालदाराने फाटकातूनच परत पाठवलं असतं. रुग्णालयाच्या चौकशीच्या खिडकीत इतकी वर्षं तो राखाडी कोट अंगावर होता, की आपले कपडे म्हणजे काय हेच मी विसरले होते. खिडकीच्या जागी त्यांनी यंत्र बसवलं, कोट परत घेतला, आणि माझ्या कपाटात उरलं काय तर लग्नात घालायचं आणि झोपताना घालायचं. मधलं काही नाहीच. मग पलंगावर ढीग, समोर फोन, आणि फोनमधून तुझे शेरे. "यात तू वसुलीला आल्यासारखी दिसतेस." "यात आजारी दिसतेस." शेवटी तो हिरवा सुती सदरा ठरला. वर तू म्हणालीस, "बाह्या दुमड, म्हणजे सहज घातल्यासारखा वाटेल." सहज दिसायला आपल्याला अख्खी संध्याकाळ लागली.

कंपनीचं नाव मात्र मी तुला सांगितलं नाही. ठरण्याआधी बोललं की फिसकटतं, हे माझं जुनं खूळ. भाऊजींनाही सांगू नकोस म्हटलं. सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. ते बरं झालं असतं की वाईट, हे मला अजून कळत नाही.

तर ती लाकडी खेळणी बनवणारी कंपनी आहे. एक मोठी शेडवजा खोली, लाकडाच्या भुशाचा वास, खिडकीत रंगवून वाळत ठेवलेले हत्ती. दारातच चपला काढायच्या. मी नेहमीप्रमाणे उशिरा पोचले. खणात सगळ्यांच्या सँडल, कापडी बूट, रबरी चपला, आणि त्या सगळ्यांत एक जोड काळ्या चामडी बुटांचा, पॉलिश असं की तोंड दिसावं. मला हसू आलं. म्हटलं, कोण हा शहाणा, एवढं बजावून सांगितलं तरी साहेबी बूट घालून आलाय.

आत सगळे गालिच्यावर बसले होते. मालकीणबाई पिकल्या केसांच्या, रंगाचे डाग पडलेला एप्रन, मांडी घालून बसलेल्या. उमेदवार त्यांच्यासमोर. मी मागे खिडकीखालच्या पायरीवर टेकले. माझ्या पुढ्यात एका माणसाची पाठ होती. पिवळा टी-शर्ट, पाठीवर सात आकडा, खांद्यावर घट्ट झालेला. मानेवरचे केस मात्र पांढरे. मला वाटलं, असतात एकेक हौशी.

मालकीणबाईंची मुलाखत म्हणजे एकच प्रश्न. प्रत्येकाला विचारत होत्या, "आज हेच का घातलंत?" आणि मग उत्तराचं शेपूट धरून पुढे जायच्या. एक मुलगी म्हणाली, रंग आवडतो. दुसरा म्हणाला, धुतलेलं हेच होतं. सगळे हसले, बाईही हसल्या. मग बाई पिवळ्या टी-शर्टकडे वळल्या.

आणि तो माणूस बोलायला लागला, ताई, आणि आवाज भाऊजींचा होता.

मला आधी वाटलं, सारखा आवाज असेल. कारण भाऊजी टी-शर्टमध्ये? जो माणूस कचऱ्याचा डबा खाली ठेवायला जातानाही शर्टाची बटणं लावतो, त्याला मी उभ्या आयुष्यात टी-शर्टमध्ये पाहिलेलं नाही. पण आवाज तोच, मधे मधे घसा साफ करायची लकब तीच.

ते म्हणाले, "हा माझ्या मुलाचा आहे. त्याच्या फुटबॉलच्या संघाचा. माझ्याकडे असले कपडे नाहीत."

बाईंनी विचारलं, "मग कपडे आहेत तरी कसले?"

"इस्त्रीचे. सकाळी तेच घालून निघालो, टायसकट. या पिशवीत आहेत. वाटेत पेट्रोल पंपावर बदलले. संध्याकाळी परत तेच घालून घरी जाईन. घरी वाटतं मी ऑफिसला जातो."

"आणि जात नाही?"

"थंडी होती तेव्हाच त्यांनी मला काढलं. माझा अख्खा विभागच काढला. बायकोला सांगायचं राहून गेलं."

राहून गेलं, म्हणाले. पत्र टाकायचं राहून जातं तसं.

बाईंनी अगदी हळू विचारलं, "मग दिवसभर कुठे असता?"

"वाचनालयात. सोमवारी ते बंद असतं. तेव्हा बसमधून फिरतो."

ताई, मला उठून पळावंसं वाटलं. त्या पाठीवरच्या सात आकड्याकडे मी नुसती बघत राहिले. मनात एकच, की सोमवारी बसमधून फिरतात. तू सोमवारी त्यांना डब्यात काय देतेस कुणास ठाऊक, ते कुठल्या तरी बसच्या मागच्या बाकावर बसून खात असतील.

मग बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "आणि तुम्ही?"

जे खरं होतं तेच बोलले. म्हटलं, "हा माझ्या ताईने निवडला."

भाऊजींनी मागे वळून पाहिलं नाही. फक्त त्यांची मान आधी ताठ झाली, मग लाल झाली, मग खाली गेली. पुढे मला काय काय विचारलं आणि मी काय सांगितलं, शपथेवर सांगते, मला आठवत नाही. खिडकीत येणाऱ्या चिडलेल्या, रडणाऱ्या माणसांशी कसं बोलायचे ते काहीतरी सांगितलं असावं.

बाहेर पडले तर ते बूट घालत बसले होते. नाडी बांधायचे, सोडायचे, परत बांधायचे. वर न बघता म्हणाले, "रविवारी सांगतो तिला. तोवर तू बोलू नकोस." मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ज्या माणसाने आपल्या दोघींच्या आईच्या आजारपणात सगळी धावपळ केली, त्याला मी तिथे चपलांच्या खणापाशी काय सुनावणार होते?

आणि रविवारी तुझा फोन आला. मी लगेच उचलला. म्हटलं, आता रडत असेल. तर तू खुशीत. "हे हल्ली फार गप्प असतात, वरची जागा मिळणार बहुतेक, कामाचा ताण आहे," म्हणालीस. मग म्हणालीस, "आता माझ्याच्याने वर्गात उभं राहवत नाही, मी बुधवारी शाळेत राजीनामा देतेय. ह्यांना विचारलं, म्हणाले, दे."

'दे' म्हणाले. ताई, मला दुसऱ्यांदा धक्का बसला आणि हा पहिल्यापेक्षा मोठा होता. नोकरी गेली, सांगवलं नाही, इथवर मी समजू शकत होते. पण तू घरातला एकुलता एक पगार सोडायला निघालीस आणि हा माणूस समोर बसून 'दे' म्हणतो? त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी भिंतीकडे बघत बसले होते. रागाने की भीतीने, माहीत नाही. तेव्हाच तुला उलटा फोन करायला हवा होता. शब्द दिला होता म्हणून केला नाही. आता वाटतं, असला कसला शब्द.

तर आता उघडच लिहिते. उद्या राजीनामा देऊ नकोस. गुडघ्यासाठी बसायला खुर्ची माग, वरचे वर्ग बदलून खालच्या मजल्यावरचे घे, भांड, काहीही कर, पण तो कागद देऊ नकोस. आतापर्यंत घरात पैसे कुठून येत होते, ते भाऊजींनाच विचार. ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी माझ्या तोंडून नको.

आणखी एक आहे, आणि हे लिहिताना पेन जड झालंय. काल मालकीणबाईंचा फोन आला. ती नोकरी मला मिळाली. जागा एकच होती. मी लगेच 'हो' म्हटलं. मग वाटलं, आपण परत फोन करून नको म्हणावं, भाऊजींना घ्या म्हणावं. फोन हातातही घेतला. पण केला नाही, ताई. करणारही नाही. मलाही भाडं भरायचंय, मीही घरी बसून वेडी व्हायला आले होते. तुला राग आला तर येऊ दे. सोमवारपासून मी तिथे जाणार आहे.

हे मी भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, "तुलाच मिळायला हवी होती, तू चांगलं बोललीस." वर अभिनंदनही केलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता तू म्हणशील, हे कधी बोलणं झालं तुमचं. आज सकाळी. नऊच्या सुमाराला दार वाजलं, तर भाऊजी दारात. इस्त्रीचा शर्ट, टाय, हातात पिशवी. म्हणाले, "रविवारी तोंड उघडलं होतं. ती राजीनाम्याचंच बोलायला लागली. मला थांब म्हणायचं होतं आणि तोंडून 'दे' निघालं. आता बोलवतच नाही." मी त्यांना इतकं बोलले, इतकं बोलले, की शेजारीण डोकावून गेली. सगळं ऐकून घेतलं. मग मी म्हटलं, बोलवत नाही तर लिहा. कागद दिला. 'प्रिय' लिहिलं आणि तासभर त्याच शब्दाकडे बघत बसले. ऑफिसची अख्खी पत्रं एका बैठकीत लिहिणारा माणूस. शेवटी कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "तू लिही. जसं झालं तसं. माझी बाजू घेऊ नकोस."

मी घेतलेली नाही. घेतली असेल तर ती चुकून.

आत्ता ते माझ्या स्वयंपाकघरात बसलेत. चहा दिला होता, त्यावर साय आलीय. मघाशी मला विचारलं, "तिच्यासमोर जाताना काय घालू?" इतका गंभीर चेहरा की मला हसता येईना. म्हटलं, ती तुमचं तोंड बघेल, कपडे नाही.

तुझी मुलं शाळा-कॉलेजातून यायच्या आत ते तिकडे पोचतील. तू आज अर्ध्या दिवसाने घरी येतेस, हे त्यांना बरोबर ठाऊक आहे. हे पत्र दाराखालून सरकवतील, बेल वाजवतील आणि जिन्यात बसतील. तू पहिलं पान वाचत होतीस तेव्हाही ते तिथेच होते. चिडून आरडाओरडा केलास तरी चालेल, त्यांना ऐकू जाईल इतका कर. रडलीस तरी चालेल. मी फोनपाशी आहे, पण आधी मला करू नकोस.

किल्ली त्यांच्या खिशात आहे, ताई. पण मला म्हणालेत, तिने आतून उघडलं तरच आत जाईन.

दाराच्या अलीकडे तू आहेस आणि पलीकडे ते, आणि दोघंही माझीच माणसं,

तुझी
बारकी