माझ्या मापाचा पियानो

३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आईने फोनवर तुला सगळं सांगितलंच असेल, म्हणजे त्यातलं निम्मं तरी चुकीचं असेल. झालं ते असं. रेकॉर्डिंग कंपनी माझी पहिली तबकडी काढते आहे. रोमँटिक काळातल्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या पियानोच्या रचना, त्याही मोठ्या, वादळ उठवणाऱ्या. हे ऐकून पियानोच्या सरांनी चष्माच काढून ठेवला. म्हणाले, तुझे हात लहान आहेत, तू छोट्या नाजूक रचना घे, त्या तुला शोभतात. ते ‘शोभतात’ माझ्या डोक्यात गेलं.

हात लहान आहेत हे खरं. तुझ्याकडून आणि आईकडून दुसरं काय मिळणार? माझा पंजा आठ पट्ट्यांवर कसाबसा पोचतो आणि या रचना दहा मागतात. मागच्या वर्षी ताणून ताणून मनगट सुजलं होतं, ते तू पाहिलंसच.

पण एक कारागीर सापडला आहे. तो अरुंद पट्ट्यांचा पियानो बनवतो. तारा त्याच, आवाज तोच, फक्त पट्ट्या जरा बारीक. परवा मी त्यावर वाजवायला बसले. जी कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायची सुरांची जुडी, आजवर तोडून वाजवत आले, ती अख्खी वाजली. मी उठले, खोलीत फेऱ्या मारल्या आणि पुन्हा बसले. सर म्हणतात, ही लबाडी आहे.

तुला काय वाटतं ते कळव. तू काहीही म्हटलंस तरी मी ऐकणार नाही, पण कळव.

माया आहे तेवढी पुरते, तरी थोडी वरकड पाठव.
तुझी,
चिमणी

९ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानातच वाचलं. एक बाई एका पायात बूट घालून दुसऱ्याची वाट बघत होत्या, त्यांना तसंच बसवून ठेवलं. इतकी वर्षं जोडे विकते आहे, पण बसत नाही म्हणून पाय तासून आणा, असं अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या सरांचे पंजे सुपाएवढे. त्यांना प्रत्येक पियानो आयताच मापाचा मिळाला. ती काही त्यांची कमाई नव्हे.

तरी त्यांच्याशी जपून बोल. त्यांनी तुला घडवलं आहे. आई घाबरली आहे, सर रागावले तर पोरीला पुढे कोण विचारणार म्हणते. शिवाय तू वाळून काडी झालीस म्हणते. ती मलाही काडी म्हणते, तेव्हा ते फार मनावर घेऊ नकोस. पण जेव.

आहे तेवढा जीव तुझ्यावर आहेच, पत्र लांबलचक लिहिलंस तर वाढेल.
तुझी,
मावशी

२८ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

त्याच अरुंद पट्ट्यांवर सगळं वाजवून झालं. शेवटची रचना ध्वनिमुद्रकाने काचेपलीकडे स्वतःसाठी पुन्हा एकदा लावून ऐकली. कंपनीचे संचालकही खूश होते. मग हळूच म्हणाले, की पट्ट्यांचं कुठे बोलायचं नाही, लोक म्हणतील अर्धं काम वाद्याने केलं. सर प्रस्तावना लिहायला तयार आहेत, पण तेही याच अटीवर.

मी विचारलं, लपवायचं का? संचालक म्हणाले, बाजार. मी म्हटलं, मग कव्हरवर ठळक छापा, नाहीतर करारावर माझी सही मिळणार नाही. त्यांनी मला विचार करायला घरी पाठवलं. सरांचा फोन आला, की लोक हसतील. मी म्हटलं, हसू देत सर, फक्त आधी ऐकून मग हसू देत. त्यांनी फोन ठेवला.

खरं सांगते, भीती वाटते आहे. अशी संधी दारात पुन्हा येते न येते. पण झाकलं, तर मीच मला लबाड म्हटल्यासारखं होईल. म्हणून सही केलेली नाही.

या खेपेला लोभ जरा जास्तच लागेल.
तुझी,
चिमणी

१ एप्रिल

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

चोरीचा माल झाकतात, कष्टाचा नाही. सही करू नकोस. आईला मी सांभाळते. काल ती दुकानात येऊन रडली, आणि जाताना म्हणाली, की पोरगी माझ्यावर गेली. मी वाद घातला नाही.

तुझीच,
मावशी

१७ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

संचालकांनी मला चांगलंच तंगवलं, पण शेवटी नमले. सरांची प्रस्तावना गेली. त्या जागी माझ्या दोन ओळी आहेत: या सगळ्या रचना अरुंद पट्ट्यांच्या पियानोवर वाजवल्या आहेत. माझे हात लहान आहेत.

एका समीक्षकाने त्याला बाहुलीचा पियानो म्हटलं. ते कात्रण आईने फाडलं, मी चिकटवून भिंतीवर लावलं. सरांच्या संगीतशाळेने तो पियानो सभागृहात आणायला बंदी घातली, म्हणून मी कारागिराच्या कार्यशाळेतच कार्यक्रम केला. माणसं फळ्यांवर बसली होती. त्यात सरांच्या वर्गातल्या मुली होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्या पियानोपाशी रांगेत उभ्या राहिल्या, आणि एकेकीचा पंजा पुरला की मागच्या टाळ्या वाजवत होत्या.

आपण ती तबकडी ऐकलेली नाही आणि ऐकणारही नाही, असं सर सगळ्यांना सांगतात. काल जिन्यात समोरासमोर आलो. मी नमस्कार केला. ते दोन पायऱ्या उतरून गेले, थांबले, आणि मागे न बघता म्हणाले, की तिसऱ्या रचनेचा शेवट फार जलद घेतला आहेस. मी म्हटलं, हो सर, मुद्दाम.

आता लोभ मागत नाही, तो तू देतेसच.
तुझी,
चिमणी