दत्तारामदादाची साक्ष

रत्नागिरी,
२ एप्रिल २०२५

ती. चंपावहिनीस,
महेंद्रचा नमस्कार.

आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या माणसांना लिहिताना मी वर प्रभूचं नाव घालतो. तुम्हाला साधा नमस्कारच लिहितो. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून कागद घेतला. दहावीनंतर एवढं लिहायची वेळ आली नव्हती. अक्षर लागलं नाही तर सावकाश वाचा, पण दर्शना घरी आली तर तिला वाचायला देऊ नका.

इकडे आम्ही ठीक. तुमच्या जावेचे, विमलाचे, गुडघे दुखतातच. रिक्षा स्टेशनच्या रांगेत लावतो. आंब्याचे दिवस आहेत, त्यामुळे मुंबईकरांची ये-जा वाढली आहे. ऊन फार. तुमच्याकडे काजू कसा आहे? विहिरीला पाणी मेअखेर पुरेल ना? दादा असता तर पावसाआधी गोठ्यावरची कौलं चाळून कधीच झाली असती. शेजारच्या धोंडूला सांगा, तो करून देईल.

धोंडूचा फोन आला होता. शिमग्यात पालखी आपल्या घरी आली नाही, हे त्याच्याकडून कळलं. वरच्या वाडीतून उतरली, आपल्या पाखाडीच्या पायऱ्यांपर्यंत आली, ढोल थांबले, आणि खांदेकरी तसेच पुढे गेले. तुम्ही अंगण सारवून, रांगोळी काढून, ओटीचं ताट हातात घेऊन उभ्या होतात. सखारामकाका गावकीतर्फे एवढंच म्हणाले, "दत्ताराम मरताना बाटला, असा त्याचाच भाऊस सांगतो. त्या घरात देव कसा नेणार?"

तो व्हिडिओ मी काढलेला नाही. चिपळूणकडच्या एका सभेत मी बोललो, ते कुणीतरी फोनवर घेतलं आणि ते मुंबईतल्या आपल्या गाववाल्यांच्या ग्रुपवर फिरलं. तुम्ही पाहिला असेल. मी त्यात सांगतो की दादाने इथल्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी हात जोडले, येशूचं नाव घेतलं आणि शांतपणे गेला. आमच्यात याला साक्ष म्हणतात. आपल्या आयुष्यात देवाने काय केलं ते चार माणसांत उभं राहून सांगायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला धीर येतो. त्यात गावाला राग यावा असं काही नव्हतं. कुणाच्या देवाला मी नावं ठेवली नाहीत.

तुमच्या दर्शनाचाही अलोऱ्याहून फोन आला होता. तिच्याशी बोललो आहे. सखारामकाकांशी फोनवर बोलेन म्हणतो, पण ते आता ऐकतील असं वाटत नाही. वर्ष गेलं की लोक विसरतात.

दादा शांतपणे गेला, एवढं तुम्ही मनात धरा. प्रकृतीला जपा.

तुमचा,
महेंद्र


१४ एप्रिल

महेंद्र भावजींस चंपाचा नमस्कार.

पत्र मिळाला. दोनदा वाचला. दर्शनाला दाखवला नाय.

पालखीचा तुम्ही लिवलात. ताट मी घरात नेला आणि तांदूळ परत डब्यात ओतले. आणखी काय करणार? आता बायका पाणवठ्यावर बोलत असतात, मी आले की गप होतात.

तुम्ही तुमचा धरम धरलात त्याला आम्ही काय बोललो नाय. तुमचा पान कधी वेगळा वाढला नाय. तेव्हा गावकी तुमच्यावर उठली तर दर्शनाचे बाबा मधे उभे राहिले. म्हणाले, त्याच्या मनाचा त्याला करू द्या, तो माझा भाऊ हाय.

मी दवाखान्यात अकरा दिवस बसले. भात झोडायचा राहिला म्हणून दोन दिवसांसाठी गावाला आले आणि तेवढ्यात ते गेले. ता माझ्या मनाला खातो. मी नव्हते, तुम्ही होता. म्हणून तुम्हालाच विचारते. त्यांनी खरा हात जोडले काय? जोडले असतील तर त्यांच्या मनाचा होता, माझा काय म्हणणा नाय. मी गावकीत उभी राहून सांगेन, हो, जोडले, पुढे काय ता बोला. पालखी नाय आली तरी चालेल. पण मना खरा सांगा.

आणि माझ्यासाठी काय बोलले काय?

चंपा


रत्नागिरी,
५ मे २०२५

ती. वहिनीस नमस्कार.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लागले. परवा गावकीसमोर तुम्ही माझं बोलणं ऐकलंत, तरी हे पत्र लिहायलाच हवं. तिथे मी सगळं सांगितलं नाही.

आधी तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर. नाही. दादाने हात जोडले नाहीत. येशूचं नाव घेतलं नाही. तो गेला तेव्हा दोन तास शुद्धीवर नव्हता.

हे खोटं एकदम ठरवून सांगितलं नाही. दादाला जाऊन महिना झाला होता. नाताळच्या आधी मंडळीत यमुनाबाई माझ्याजवळ आल्या. त्यांचा मुलगा बाबू होडी उलटून गेला, तो कधी प्रार्थनेला आला नव्हता. बाई रोज त्याच काळजीत असतात. त्यांनी विचारलं, "महेंद्रभाऊ, तुमच्या दादाने शेवटी प्रभूला ओळखलं का हो?" मी हो अशी मान हलवली. एवढंच. बाईंनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "मग बाबूनेही पाण्यात असताना हाक मारली असेल." पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावलं, म्हणाले, दादांची साक्ष सांगा. तेव्हा मान हलवून भागण्यासारखं नव्हतं. मी हात जोडल्याचं सांगितलं. नंतरच्या सभेत दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. चिपळूणकडे गेलो तोवर त्याच्या तोंडी एक पूर्ण प्रार्थना होती. लोक रडत होते. सभा संपल्यावर चार माणसं पुढे आली, आम्हालाही सांगा म्हणाली. मला वाटलं, माणसं देवाकडे येतायत, मग यात वाईट काय?

दर्शनाने फोनवर विचारलं होतं, "काका, बाबांनी खरंच असं केलं?" मी तिलाही हो म्हणालो. वहिनी, ती पोर म्हणाली, "मग मला आणि आईला का नाही बोलले?" तेव्हाही मी खरं सांगितलं नाही.

तुमचं पत्र आलं नसतं तर कदाचित मी वर्ष जाऊ दिलं असतं. तुम्ही लिहिलंत की जोडले असतील तर मी गावकीत उभी राहून सांगेन. ते वाचून रिक्षा रांगेतून बाहेर काढली आणि भाट्याच्या पुलाजवळ जाऊन नुसता बसलो. माझ्या खोट्यासाठी तुम्ही सगळ्या गावासमोर उभ्या राहणार होतात.

२७ तारखेला मंडळीत मी उठून सांगितलं की माझी साक्ष खोटी होती. साक्ष म्हणजे पाहिलं तेवढंच सांगायचं, कोर्टात असते तशीच. मी न पाहिलेलं सांगितलं. पाळकसाहेबांनी वर्षभर माझं सेवाकाम बंद केलं. त्यांनी त्या सभेच्या लोकांना फोन करून व्हिडिओ काढून टाकायला लावला, पण ज्यांच्या फोनवर गेला त्यांच्याकडे तो आहेच. दारात यमुनाबाई थांबल्या होत्या. म्हणाल्या, "चार महिने मी नीट झोपले होते." मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माग बाबा. पण मी आता काय करू?"

त्याच दिवशी दर्शनाला फोन करून खरं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

मग शनिवारी गावात आलो. घरी न येता परस्पर देवळाकडे, गावकी जमली होती तिथे, गेलो, कारण तुमच्या उंबऱ्यात पाय ठेवायची लाज वाटली. पुढचं तुमच्यासमोरच झालं. मी सांगितलं, दादा बाटला नव्हता, मी खोटं बोललो, वहिनीचा यात काही दोष नाही. सखारामकाकांनी विचारलं, "मग असा का सांगितलास?" मी म्हणालो, लोकांना आवडलं म्हणून. ते म्हणाले, "बरा. मग देवासमोर नारळ ठेव, चूक झाली म्हण, आणि गावकी मिटवील."

मी नाही म्हणालो. लोक चिडले, ते बरोबरच होतं. कुणीतरी ओरडलं, "चूक कबूल हाय तर नारळाला काय झाला?" माझी चूक मला शंभर वेळा कबूल आहे, पण मनात नसताना नारळ ठेवला असता तर तेही खोटंच झालं असतं, आणि खोटं बोलूनच मी तिथवर पोचलो होतो. हे मला तिथे नीट बोलता आलं नाही.

तेव्हा तुम्ही मागून, बायकांतून, पुढे आलात. म्हणालात, "नारळ मी ठेवते."

सखारामकाका म्हणाले, "चंपा, तुझा काय गुन्हा?"

"घर माझा हाय. मेल्या माणसावरचा डाग निघाला, मना तेवढा पुरे."

तुम्ही नारळ ठेवलात, देवाला गाऱ्हाणं घातलं गेलं, आणि पुढच्या शिमग्याला पालखी घरी येईल असं ठरलं. मी देवळाच्या पायऱ्यांखाली उभा होतो. माझ्या चुकीची माफी तुम्ही तुमच्या देवाकडे मागत होतात आणि मी ते खालून बघत होतो. चौदा वर्षं मी लोकांना सांगत आलो की दुसऱ्याने आपल्या पापाचा भार उचलला. तसं होताना बघणं किती जड असतं ते मला परवा कळलं. जाताना तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. धोंडूच्या मोटारसायकलवरून मी मंडणगडच्या स्टँडवर आलो.

आता जे राहिलं ते.

सोमवारी, तुम्ही गावाला गेलात त्याच दिवशी दुपारी, दादाला बरं वाटत होतं. उशी मागे घेऊन बसला. थोडी पेज खाल्ली, मीठ कमी आहे म्हणाला. मग विचारलं, "चंपा बुधवारी येते ना?" मी हो म्हणालो. तुमच्यासाठी एवढंच, वहिनी. मला आणखी काही सांगता आलं असतं तर बरं झालं असतं, पण एवढंच होतं.

मग दादा म्हणाला, "महेंद्र, तू रिक्षात लोकांना काय सांगतस रे? मना कधी बोलला नायस. मना पण सांग की."

मी चौदा वर्षं या जिल्ह्यात फिरलो. स्टँडवर पत्रकं वाटली, लोकांनी ती माझ्यासमोर फाडली, तरी दुसऱ्या दिवशी उभा राहिलो. आम्ही ज्याला सुवार्ता म्हणतो, ती चांगली बातमी, मी मासे विकणाऱ्या बायकांना सांगितली, पोलिसांना सांगितली, स्टेशनवरून बसलेल्या प्रत्येक पॅसेंजरला सांगितली. कुणीही आपणहून मला विचारलं नव्हतं. दादाने विचारलं.

आणि मी घड्याळ बघितलं. कुवारबावला एका घरी चार वाजता प्रार्थनासभा होती, पंचवीस-तीस माणसं येणार होती. मी म्हणालो, "दादा, उद्या सकाळी निवांत सांगतो."

तो म्हणाला, "बरा. उद्या सांग."

घड्याळ हे निमित्त होतं. मी घाबरलो होतो. परक्या माणसाला काहीही सांगता येतं, त्याला मी कोण ते ठाऊक नसतं. दादाला माझं सगळं ठाऊक होतं. मुंबईला असताना आईच्या आजारपणात मी आलो नाही, ते ठाऊक होतं. तिचं सगळं तुम्हा दोघांवर सोडून मी गेलो होतो. त्याच्यासमोर देवाच्या प्रेमाचं बोलायचं तर मला आधी त्याची माफी मागायला लागली असती. तेवढं माझ्याने झालं नाही.

सकाळी सात वाजता चहा घेऊन गेलो तेव्हा तो बोलत नव्हता. नऊच्या सुमारास गेला.

हे गावकीत सांगितलं असतं तर त्याने विचारलं एवढ्यावरून ते पुन्हा बाटला म्हणाले असते. म्हणून तिथे गप्प राहिलो. मंडळीतही सांगितलं नाही, कारण तिथे लोकांनी त्याचीही साक्ष केली असती. हे तुम्हालाच ठाऊक असू दे. दर्शनाला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

मी त्याला काय सांगितलं असतं, ते या पत्रात लिहीत नाही. तुम्ही विचारलं नाहीत, आणि न विचारता सांगायचा हक्क या घरात मी गमावला आहे. पावसाआधी एकदा गोठ्याची कौलं चाळायला येईन म्हणतो. तुम्ही नको म्हणालात तर येणार नाही. आलो तर काम करीन, वाढाल ते जेवीन आणि संध्याकाळच्या गाडीने परत येईन.

दादाला ज्याने उद्या सांगतो म्हटलं,
तो तुमचा दीर,
महेंद्र