गाडीचा निळा धूर

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र पोचलं. माझ्या तब्येतीची चौकशी एक ओळ आणि स्वतःच्या नव्या खोलीचं कौतुक दोन पानं. शोभतेस खरी तुझ्या बापाची लेक. तुझे आजोबा गाडीत आहेत, म्हणजे डोकं बॉनेटखाली आणि उरलेले अंगणात. चाळीस वर्षं लोकांच्या शिलाई मशिनी दुरुस्त केल्या, तेव्हा घरची बंद पडलेली मशीन उघडायला यांना सवड नव्हती. आता त्या खटाऱ्यासाठी सगळा दिवस मोकळा.

तू गेलीस तेव्हा गाडी पेट्रोलपेक्षा ऑइलच जास्त पीत होती. सकाळी चालू केली की निळा धूर, आणि शेजारच्या शिंपीणबाई खिडकी आपटून माझा उद्धार करायच्या. गॅरेजवाला म्हणाला, इंजिन उतरवावं लागेल. हे म्हणाले, तुझ्या घरचं उतरव. व्हॉल्व्हवरची रबरी सीलं कडक झाली की ऑइल आत झिरपून जळतं, एवढंच दुखणं आहे म्हणे. मग व्हॉल्व्ह आत पडू नयेत म्हणून माझी कपडे वाळत घालायची दोरी प्लगच्या भोकातून आत कोंबली, आणि मी चौथी शिकलेली बाई चिमटा घेऊन व्हॉल्व्ह अडकवायची वाटाण्याएवढी लॉकं धरत उभी. आठ सीलं, दोन दिवस. आयुष्यात यांनी मला पहिल्यांदा शाबास म्हटलं, तेही गाडीकडे बघत.

तिसऱ्या दिवशी गाडी शहाण्यासारखी चालू झाली. धूर नाही, वास नाही. हे सायलेन्सरपाशी थोडा वेळ उभे राहिले, हात पुसले, आणि मी भांडी घासून येते तो घरात नाहीत. संध्याकाळी सापडले जुन्या दुकानाच्या शटरपाशी, किल्ली लागेना म्हणून रडकुंडीला आलेले. ते दुकान विकून सहा वर्षं झाली. मला म्हणाले, बाई, आमच्या घरी जरा निरोप द्याल का?

दुसऱ्या सकाळी गाडीने पुन्हा धूर सोडला. तेव्हापासून रोज सोडते. हे रोज झाकण काढतात, दोरी कोंबतात, कोरं सील चिमटीत दाबून सांगतात, बघ, रबर कडक झालंय. मी म्हणते, हो का, मला मेलीला कुठलं कळायला! संध्याकाळपर्यंत सगळं परत बसवतात, जेवतात, झोपतात. गेटला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. लोक म्हणतात, मी यांना कोंडलंय. सात महिने मी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेले नाही, ते कोणाच्या लक्षात येत नाही. भाजी गेटवरून, दूध गेटवरून. परवा शिंपीणबाईंनी ब्लाउजचं माप गजांमधून हात घालून घेतलं. मी हसले. घरात येऊन दार लावलं आणि उशी बडवली.

आता नीट ऐक, आणि तुझ्या बापाजवळ बोलू नकोस. त्याला कळलं तर तो गाडी भंगारात देईल आणि यांना कुठल्यातरी संस्थेत. गाडीला काहीएक झालेलं नाही. पहाटे हे उठायच्या आधी मीच दुसऱ्या नंबरचा प्लग काढून भोकात चमचाभर ऑइल ओतते. पण डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय, भोक दिसत नाही, ऑइल बाहेर सांडतं. सोमवारी ऑपरेशन आहे. पुढे पंधरा दिवस वाकायचं नाही, धुराजवळ फिरकायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. तेवढे दिवस ये. यांनी तू कोण म्हणून विचारलं तर काम शिकायला आले म्हण. ऑइल चमचाभरच घाल. गेल्या आठवड्यात माझं डोकं फिरलं आणि मी चार चमचे ओतले, घ्या म्हटलं, हवा तेवढा धूर घ्या. अंगण निळं झालं. त्या धुरात खोकत हे माझी माफी मागत राहिले, अजून जमत नाहीये म्हणून.

तुझीच,
तोंड तेवढं शाबूत असलेली
आजी